दुनजऱ्या

आधीच एक खुलासा केलेला बरा. हा दुतोंड्या नाही. याला एक आणि त्याला दुसरं सांगणं त्याच्या रक्तातच नाही. हा दुनजऱ्या आहे. एकाच वस्तूकडे दोन निरनिराळ्या नजरांनी बघतो आणि दोन्हींचा ताळा जुळला की मगच त्याचं बोलणं खरं धरायचं. कागदोपत्री त्याचं नाव ‘द्विपट्टा अवरक्त संवेदक’ असं लांबलचक आहे. थर्मल कॅमेऱ्याच्या पोटात अंगठ्याच्या नखाएवढा, काळपट चकचकीत चौकोन बसलेला असतो, तोच हा.

तुम्ही गोंदियाकडचे असाल तर याची ओळख असायलाच हवी. गोंदियाहून बालाघाट जेमतेम चाळीस किलोमीटर. वैनगंगेकाठचा हा जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे तुकडे जोडून तयार झाला. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण वारासिवनी, कटंगी, लांजीकडच्या किती घरांच्या सोयरिकी अजून नदीच्या अल्याडच्याच. जिल्ह्याची निम्म्याहून जास्त जमीन जंगलाखाली. त्या जंगलावरून दुनजऱ्याच्या भावकीतला एक जण रोज दोनदा जातो, दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास. ‘सुओमी एनपीपी’ या उपग्रहावर बसून, जमिनीपासून आठशेहून अधिक किलोमीटर उंचीवर, २०११ सालापासून त्याची ही फेरी चालू आहे. दुपारी दीडला बालाघाट जेवून लवंडलेलं असतं, रात्री दीडला गाढ झोपेत असतं. हा मात्र दोन्ही वेळा टक्क जागा.

त्याला रंग कळत नाही. रूपाशी देणंघेणं नाही. त्याला कळते ऊब. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या उबेनुसार न दिसणाऱ्या लहरी सोडत असते, आणि वस्तू जितकी जास्त तापलेली तितकी तिची लहर आखूड. माणसाच्या, गाईच्या, वाघाच्या अंगाची लहर साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरकस असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेटलेल्या रानाची लहर तीन मायक्रॉनच्या आसपास. मधे हवा आहे, आणि अशा लहरींसाठी हवेला खिडक्या दोनच: एक तीन ते पाच मायक्रॉनची, दुसरी आठ ते बारांची. या दोहोंच्या मधल्या लहरी हवेतली वाफ गिळून टाकते. दुनजऱ्याची एक नजर पहिल्या खिडकीतून जाते, दुसरी दुसऱ्या खिडकीतून. बाकीच्या लहरींपुढे डोळे मिटून घेण्याइतका तो शहाणा आहे.

त्याचा पहिला नखरा थंडीचा. उणे दोनशे अंशांच्या आसपास नेल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत माणसं तेंदूपत्ता तोडत असतात, आणि या गड्याला द्रवरूप नायट्रोजनाइतकी थंडी लागते. पण हा नखरा मी त्याला माफ केला आहे, कारण त्यामागे प्रामाणिकपणा आहे. आपल्याच घरात लसणाची फोडणी पडली असताना शेजारच्या घरात काय शिजतंय ते नाकाला कसं कळणार? दुनजऱ्याची स्वतःची ऊब हीच त्याची फोडणी. साध्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला जागचं उठवायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. याच्या लांब लहरी पकडणाऱ्या थरात ०.१च्या आसपास पुरतात. म्हणजे इलेक्ट्रॉन इतके हलक्या झोपेचे, की अंगाच्या उबेनंसुद्धा उठून बसतात आणि बाहेरून कोणी आलं असं समजून कडी काढतात. त्यांना गाढ झोपवायचं तर थंडीच हवी. उपग्रहावर हे काम फुकटात होतं, कारण तिथं काळ्या आकाशाकडे तोंड करून बसलं की उष्णता आपोआप निघून जाते. जमिनीवर मात्र त्याच्या पाठीशी स्टर्लिंग जातीचं एक छोटं शीतयंत्र लागतं. कॅमेरा सुरू केला की आधी त्या यंत्राची घरघर ऐकू येते, आणि चित्र दिसायला काही मिनिटं थांबावं लागतं. घाई करून उपयोग नाही. अशा कॅमेऱ्यात आधी थकतं ते बहुधा हेच यंत्र.

दुसरा नखरा चष्म्याचा. काच त्याला भिंतीसारखी वाटते. साध्या खिडकीच्या तावदानाआड उभे राहा, तुम्ही त्याच्यापुरते नाहीसे झालात. तावदानावर त्याला दिसेल त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचं आणि तो धरणाऱ्या माणसाचं धूसर प्रतिबिंब. म्हणून त्याला भिंग लागतं ते जर्मेनियमचं, आपल्याला करड्या धातूसारखं दिसणारं आणि खिशाला चांगलंच जाणवणारं. त्यातून याला दोन नजरा, म्हणजे दोन्ही नजरांचं चित्र एकाच जागी नेमकं उमटवणारी भिंगांची जोडणी करावी लागते. एका नजरेच्या भावंडांचं कमी खर्चात भागतं.

त्याच्या अंगाची घडण समजून घ्यायची तर वारासिवनीकडच्या भात गिरणीत जावं. बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गिरणीत एकाखाली एक चाळण्या असतात. वरच्या चाळणीवर अख्खा दाणा अडतो, कणी खाली पडते आणि खालच्या चाळणीवर थांबते. दुनजऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यात अशाच दोन चाळण्या एकावर एक बसवलेल्या आहेत. आखूड लहरीच्या कणात ऊर्जा जास्त, तो अख्खा दाणा, म्हणून पहिल्याच थरात अडकतो. लांब लहरीचा कण ती कणी, पहिल्या थरातून सहज पार होऊन दुसऱ्या थरात सापडते. क्रम उलटा केला तर सगळा माल एकाच चाळणीत अडकेल. असे लाखो ठिपके ओळीत मांडले की झाला पट. अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या नव्या पिढीच्या अशा पटावर १२८० गुणिले ७२० ठिपके असतात आणि एकेका ठिपक्याची रुंदी १२ मायक्रॉन. आपला केस त्याहून कितीतरी जाड.

थर बनतात पारा, कॅडमियम आणि टेल्यूरियम यांच्या मिश्रणाचे. १९५९ साली इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात लॉसन, नील्सन, पटली आणि यंग या चौघांनी हे मिश्रण जगापुढे आणलं, आणि साठ वर्षं उलटून गेली तरी त्याला तोडीस तोड मिळालेला नाही. खुबी अशी की कॅडमियमचं प्रमाण थोडं वाढवलं की नजर आखूड लहरींकडे सरकते, कमी केलं की लांब लहरींकडे. दोन थरांत तीच तीन मूलद्रव्यं, फरक फक्त मापाचा. पण पारा हा घरातला रुसका पाहुणा. जरा ऊब लागली की मिश्रण सोडून निघाला. त्याला धरून ठेवत थरावर थर चढवणं हे फार मोठं कसब आहे, आणि हे पट इतके महाग असण्याचं निम्मं कारण तेच.

हा नाजूक पट सिलिकॉनच्या दुसऱ्या पटावर उभा असतो, प्रत्येक ठिपक्याखाली इंडियमचा एकेक इवलासा खांब. इंडियम हा लोण्यासारखा मऊ धातू, थंडीतही तो कडक होत नाही, म्हणून त्याची निवड. दुनजऱ्याला थंड करताना वरचा पट वेगळ्या मापानं आकसतो, खालचा वेगळ्या. हजारदा थंड-गरम झालं की एखादा खांब सुटतो आणि चित्रात एक ठिपका कायमचा आंधळा होतो.

जे ठिपके शाबूत असतात तेही एकमताचे नसतात. सारख्याच उबेकडे बघून एक म्हणतो थोडं जास्त, शेजारचा म्हणतो थोडं कमी. म्हणून काही कॅमेऱ्यांत मधेच टक् असा आवाज होतो, चित्र क्षणभर गोठतं. तेवढ्यात एक सपाट झडप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरून त्यांचा हिशेब सारखा केला जातो. वर्गात गलका वाढला की गुरुजी पट्टी आपटतात, तसं. एवढी शिस्त लावल्यावर मात्र हा पट एका अंशाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाइतका फरकसुद्धा ओळखतो. भिंतीवर हात टेकवून उचला, आपल्याला भिंत कोरी दिसते, त्याला पाच बोटं दिसत राहतात आणि हळूहळू विझतात. गाय उठून गेलेली जागा त्याला अंधारात दिसते.

गाईवरून त्याच्या घराण्याची गोष्ट आठवली. मूळ पुरुष म्हणायचा तर एक तापमापक: १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून पाडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, तापमापक ठेवला आणि पारा चढला. पुढे सॅम्युएल लँग्लीनं बोलोमीटर नावाचं उपकरण केलं, आणि पाव मैलावरच्या गाईची ऊब त्याला कळते असं त्याच्याबद्दल सांगत असत. आपल्याकडच्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक संवेदक म्हणून वापरला आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, आणि पुढच्या काळात अवरक्त टिपणारे पहिले चांगले संवेदक त्याच पदार्थाचे निघाले. दुनजऱ्याच्या देवघरात बोसांची तसबीर असायला हरकत नाही.

आणि एक पूर्वज तर थेट बालाघाटच्या मातीच्या नात्यातला. भरवेलीची मँगनीजची खाण सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. नागपूरच्या ‘मॉइल’ची ती मोठी, खोल भूमिगत खाण. मँगनीज म्हटलं की आपल्याला पोलाद आठवतं. पण मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडची भाजून केलेली पातळ चकती ऊब लागताच आपला विद्युतरोध झपाट्यानं बदलते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बेकर आणि ब्रॅटन यांनी १९४०च्या दशकात तिच्यापासून उष्णता टिपणारा बोलोमीटर बनवला. हाच तो वॉल्टर ब्रॅटन, पुढे ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेला. भरवेलीच्या काळ्या दगडाकडे बघताना ही सोयरीक लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. आपल्या पायाखालच्या धातूला अंधारात बघता येतं, ही काही छोटी गोष्ट नव्हे.

भावकीही मोठी आहे. थंडीचा हट्ट न धरणारा एक धाकटा चुलतभाऊ आहे, व्हॅनेडियम ऑक्साइडचा मायक्रोबोलोमीटर. स्वस्त, गरीब स्वभावाचा, एका नजरेचा. वनखात्याच्या ड्रोनवर दिसतो तो सहसा हाच. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांचा शोध चालू होता तेव्हा रात्री आकाशात हाच फिरत होता. दुसरा नातेवाईक पुण्याचा. भोसरीला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या उपकंपनीत रात्रदर्शकाच्या नळ्या बनतात, चांदण्यांचा मिणमिणता उजेड हजारो पटींनी वाढवून दाखवणाऱ्या. लोक दोघांची नेहमी गल्लत करतात. पुणेकराला थोडा तरी उजेड लागतो. दुनजऱ्याला कोळशाच्या कोठीत उभं करा, त्याचं काही अडत नाही.

आता त्याला दोन नजरा कशाला, हा प्रश्न. उत्तर बालाघाटच्या ऋतूंतच आहे. आषाढात हवा वाफेनं जड झाली की लांब लहरींची नजर दूरवर पोचेपर्यंत विरते आणि आखूड लहरींची टिकते. चैत्रात रान धुरकटलं, धुळीचे लोट उठले की पारडं फिरतं. आखूड लहरी धुरात अडखळतात, लांब लहरी त्यातून वाट काढतात. एकच नजर असलेला वर्षाचे सहा महिने अर्धा आंधळा असतो.

पण त्याहून मोठं कारण साक्षीचं. एकट्या नजरेला फसवणं फार सोपं. चिंच लावून लख्ख घासलेल्या पितळी हंड्यात उकळतं पाणी ओता. थर्मल कॅमेरा सांगेल, हंडा गार आहे. चकचकीत धातू आपली ऊब बाहेर सोडत नाही, समोरच्याचीच परत फेकतो. काजळी धरलेला तवा मात्र जितका तापलाय तितकाच सांगतो. एका नजरेला हंडा आणि तवा यांत न्याय करता येत नाही. दोन नजरा असल्या की दोन्ही लहरींचं एकमेकींशी प्रमाण काढता येतं, आणि त्या भागाकारात पृष्ठभागाची लबाडी बरीचशी कटून जाते.

दोन नजरा असूनही तो कधी फसतो, ते वाघाकडे बघताना कळतं. जानेवारीच्या रात्री कान्हाच्या मुक्की फाटकाच्या बाजूला, बंजर नदीकाठी, गार गवतात वाघ त्याला पेटत्या कंदिलासारखा दिसतो. पट्टे मात्र दिसत नाहीत, अंधारात काळ्या आणि पिवळ्या केसांची ऊब सारखीच. कान्हाचं वैभव असलेला बारशिंगा बघताना तर त्याला ऋतू कळतो. शिंगं मखमलीत असतात तेव्हा त्यांत रक्त वाहतं, ती अंगासारखी उजळ दिसतात. मखमल गळून शिंगं कडक झाली की ती झाडाच्या सुक्या फांदीइतकी थंड. पण मे महिन्याच्या संध्याकाळी हाच वाघ दिवसभर तापलेल्या खडकावर बसला, तर खडक आणि वाघ एकाच उबेचे होतात आणि वाघ चित्रातून विरघळून जातो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अशी वेळ येते. तेव्हा दुनजऱ्यानं गप्प बसावं हेच बरं, आणि त्याच्या भरवशावर कोणी गवतात पाऊल टाकू नये.

त्याचं खरं तेज दिसतं ते वणव्याच्या दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं टपटपतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळून जागा मोकळी करतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही कुठेकुठे काडी लागते. हे लोक काही जंगलाचे वैरी नाहीत. गोंड-बैगांच्या घरात त्या दोन महिन्यांच्या मोहावर आणि तेंदूवर वर्षाचं बरंच काही चालतं. पण झाडाखालची ठिणगी वाऱ्यानं पुढे गेली की ती कोणाचं ऐकत नाही.

अशा वेळी आठशे किलोमीटरवरून काय दिसणार, असं कोणालाही वाटेल. थोडा हिशेब करून बघू. त्या उपग्रहाच्या नजरेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटर लांब-रुंद चौकोन, साधारण चौदा हेक्टर. रात्रीची वेळ, जमीन सत्तावीस अंशांवर. त्या चौदा हेक्टरांत बारा मीटर लांब-रुंद एवढीच जागा, एखाद्या मोठ्या अंगणाएवढी, सातशे अंशांच्या पुढे पेटलेली आहे. म्हणजे ठिपक्याचा फक्त हजारावा भाग. लांब लहरींच्या नजरेला, साडेअकरा मायक्रॉनवर, त्या ठिपक्याची उजळी अडीच टक्क्यांनी वाढलेली दिसते. एवढा फरक तर नांगरलेलं शेत आणि पडीक जमीन यांतही असतो. पण आखूड लहरींच्या नजरेला, पावणेचार मायक्रॉनवर, तोच ठिपका नऊपट उजळ दिसतो. नऊपट! एक नजर म्हणते काही विशेष नाही, दुसरी आकांत मांडते, आणि या विसंगतीतच आगीची ओळख पटते. सगळी जमीनच तापली असती तर दोघींनीही कुरबूर केली असती. एकीच्याच डोळ्यात लख्ख काही चमकतंय, याचा अर्थ जागा लहान आणि ताप भयंकर, म्हणजे ज्वाळा. त्याच्या सगळ्या गुणांत मला हा सर्वांत प्यारा वाटतो. ज्या एकमताबद्दल मी सुरुवातीला बोललो ते दोघींनी सारखंच बोलण्याचं नव्हे. दोघींची साक्ष शेजारी ठेवली की एकच गोष्ट खरी ठरते, ते एकमत.

दिवसा मात्र त्याची परीक्षा असते. वैनगंगेच्या पाण्यावरून उन्हाची तिरीप उठली की आखूड नजर दिपते, कारण सूर्यप्रकाशातही त्या लहरी असतात. पत्र्याचं मोठं छप्परही तिला चकवतं. तेव्हा सूर्य कुठल्या कोनात आहे, लांब नजर काय म्हणते, आजूबाजूचे ठिपके काय म्हणतात, हे सगळं ताडून मगच आग ठरवतात. वीटभट्टी तर खरोखरच पेटलेली असते, म्हणून देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण ते ठिपके जंगलाच्या नकाशावर ठेवून बघतं आणि जंगलातल्याच आगीचा संदेश पुढे धाडतं. उपग्रहाच्या नजरेनं देशभर वणवे टिपायचं हे काम त्यांनी २००४ सालापासून चालवलं आहे.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. उपग्रहावरच्या त्या गड्याच्या दोन नजरा एकाच अंगात नाहीत, वेगवेगळ्या दोन पटांवर आहेत. दोन्ही नजरा एकाच ठिपक्यात एकावर एक रचलेला अस्सल दुनजऱ्या अजून मुख्यतः लष्करात आणि प्रयोगशाळांत वावरतो. अमेरिकेत पॅसाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत श्रीलंकेत जन्मलेले सरथ गुणपाल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म थरांतून असे पट घडवले. आपल्याकडे दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनं पारा-कॅडमियम-टेल्यूरियमवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, आणि पवईला आयआयटी मुंबईत शुभानंद चक्रवर्ती यांच्या गटानं इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम ठिपक्यांतून अवरक्त संवेदक बनवण्याचं काम केलं. तरीही असे थंड पट आपण बराच काळ परदेशातून आणत आलो. मला हे खुपतं. ज्या देशात दरवर्षी हजारो वणवे लागतात, त्या देशानं ही नजर विकत आणत राहू नये. ड्रोनवर बसणारा, दोन नजरांचा, इथल्या धुराला आणि दमट हवेला सरावलेला गडी इथंच घडायला हवा, आणि सीमेच्या आधी नसेल, तरी सीमेइतक्याच तातडीनं तो जंगलाला मिळायला हवा.

कारण उपग्रहावरच्या गड्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. ढगाखालचं त्याला दिसत नाही. सालाच्या गच्च छताखाली जमिनीलगत सरपटणारी आग त्याच्यापासून लपते. दुपारी दोनला लागलेली आणि संध्याकाळी विझलेली आग त्याच्या वहीत येतच नाही, कारण त्याची फेरी दीडला होऊन गेलेली असते. आणि वहीत आली तरी काय? संदेश उतरतो तो वनरक्षकाच्या मोबाईलवर, अक्षांश-रेखांशासह. तिथून पुढे डोंगर आहे, पायवाट आहे, रेंज कधी आहे कधी नाही. वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे अग्निरक्षक जाळरेषेवरून चालत निघतात. पाठीवर ब्लोअर असला तर ठीक, नाहीतर ओल्या पानांची फांदी तोडून तिनंच आग झोडपायची. त्या चार-पाच माणसांच्या चेहऱ्यावर जी धग लागते, तिचा आकडा दुनजऱ्याच्या चित्रात असतो. तो बघणारा मात्र सहसा कोणी नसतो.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तुमची शेती किंवा नातलग त्या जंगलाला लागून असतील, तर दोन कामं करा. मोह वेचणाऱ्यांना झाडाखाली जाळी बांधायला मदत करा. फूल जमिनीवर पडतच नाही, पाचोळा जाळावा लागत नाही आणि स्वच्छ मोहाला भावही बरा येतो. दुसरं, भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आगीच्या संदेशासाठी सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. मोबाईल नंबर द्यायचा आणि आपला जिल्हा निवडायचा, बालाघाट असो, गोंदिया असो की भंडारा. १५ फेब्रुवारीच्या आत करून ठेवा. वणव्याचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो.